बोक्याचं बंद तोंड

मुलं चावतात. बावीस वर्षं पाळणाघर चालवते आहे, तेव्हा हे मी छातीठोकपणे सांगू शकते. काही मुलं ओरबाडतात, काही थुंकतात, एक जण खिडकीतून माझे चमचे रस्त्यावर टाकायचा. तो आता कुठल्याशा कचेरीत मोठा साहेब आहे आणि रस्त्यात भेटला की वाकून बोलतो. तसंच चावणं. चार दिवस चालतं आणि जातं. पण बोका दीड महिना चावत होता.

बोका हे नाव मीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी दारात उभा राहून त्याने माझ्याकडे असं रोखून पाहिलं, जसं काही घर त्याचं आणि मी भाडेकरू. गोल तोंड, आखूड मान, वय पावणेतीन, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. 'पाणी', 'नको', 'आई' आणि फुंकर मागायचा 'फू' एवढ्या चार शब्दांवर त्याचा कारभार चालायचा. सांगितलेलं मात्र सगळं कळायचं. 'इथे बस' म्हटलं की बसायचा आणि मी विसरले तर तिथेच बसून राहायचा. फक्त मधूनच कुणाचा तरी दंड हाताशी आला की दात रोवायचा.

माझ्याकडे तेव्हा पाच मुलं होती. बोका धरून. दोघी जुळ्या, साडेतीन वर्षांच्या, ज्यांचं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकमत व्हायचं नाही. एक पेंगुळ, जो उभ्या उभ्या झोपायचा. आणि एक चार वर्षांची मुलगी, तिला आम्ही वकीलीणबाई म्हणायचो, कारण ती उलटतपासणी घेतल्याशिवाय दूधसुद्धा प्यायची नाही. बोका जुळ्यांपैकी एकीला एकदा चावला, पेंगुळला एकदा चावला (तो जागासुद्धा झाला नाही), आणि वकीलीणबाईंना दोनदा. तिथेच घोडं अडलं. कारण वकीलीणबाईंची आई दातांची डॉक्टर.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाई मोबाइलमध्ये फोटो घेऊन आल्या. मुलीच्या दंडावरचा चावा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. "वरचे चार, खालचे चार," त्या म्हणाल्या. "मावशी, हे खेळता खेळता लागलेलं नाही. पूर्ण जोर लावून चावलाय तो." जुळ्यांचे बाबा मागे उभे होते, त्यांनी मान हलवली. तो राहणार असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो, असं दोघांचंही म्हणणं.

पाचातली तीन गेली तर माझं पाळणाघर उरत नाही. मी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत थांबा. तोवर एक जरी चावा झाला, तर मीच त्याच्या आईला सांगते, उद्यापासून आणू नकोस." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर मला माझाच राग आला, पण शब्द गेला तो गेला.

संध्याकाळी बोक्याच्या आईला सांगितलं. ती पार्सलच्या गोदामात कामाला आहे, दिवसभर उभ्याने. नवरा ट्रकवर, आठवड्यातून दोनदा घरी येतो. माझ्याआधी तीन पाळणाघरांनी तिला नकार दिलेला होता. चौथी मी, आणि माझ्यानंतर कुणी नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पोराला ठेवायला जागा नाही म्हणजे काम गेलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण ती फक्त "बरं, मावशी" म्हणाली आणि त्याची हनुवटी रुमालाने पुसत जिना उतरून गेली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस मी त्या पोराला कडेवर घेऊन भांडी घासली, कडेवर घेऊन फोनवर बोलले, कडेवर घेऊन जुळ्यांची भांडणं सोडवली. वजन चौदा किलो. कंबर बोलायला लागली, पण चावा झाला नाही. राहिला शुक्रवार. आणि शुक्रवारीच आमची सहल ठरलेली.

मोठी मुलं शाळेत जायच्या आधी मी दरवर्षी एक सहल काढते. मागच्या वर्षी आगीचा बंब दाखवला होता. या वर्षी बागेतलं फुलपाखरांचं काचघर. पाच मुलांमागे दोन मोठी माणसं लागतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सकाळचा दवाखाना बंद ठेवला. "मदतीला येते," त्या म्हणाल्या. मदत कसली, पहारा होता तो. मला कळत होतं, त्यांनाही मला कळतंय ते कळत होतं, आणि बसमध्ये आम्ही दोघी हवेवर बोललो.

काचघर बागेच्या अगदी टोकाला होतं. त्याला दोन दारं. पहिल्या दारातून एका छोट्या खोलीत जायचं, ते दार पूर्ण लागलं की मगच दुसरं उघडायचं, नाहीतर फुलपाखरं बाहेर पळतात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक मुलगी आमची वाट बघत होती. कमरेला पाणी फवारायची बाटली, केसात पानाचा तुकडा. मुलांनी तिला लगेच बूटताई केलं.

"हात लावायचा नाही," बूटताई बोटं मोजत म्हणाली. "पळायचं नाही. खाली बघून चालायचं, कारण ती जमिनीवरही बसतात. आणि आत काहीही तोंडात घालायचं नाही."

शेवटच्या वाक्याला डॉक्टरीणबाईंनी बोक्याकडे पाहिलं.

मला त्या नजरेचा राग आला आणि भीतीही वाटली. मी दारातच गुडघे टेकले, बोक्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "बोक्या, नीट ऐक. आत गेलं की तोंड बंद. बाहेर येईपर्यंत उघडायचं नाही. काही झालं तरी नाही. कळलं?"

त्याने मान हलवली आणि ओठ असे मिटले की ते दिसेनासेच झाले. हनुवटीवरून लाळ ओघळत होती ती मी पुसली, आणि आम्ही आत गेलो.

आत पाय टाकल्याबरोबर माझा चष्मा पांढरा झाला. गरम, ओली हवा, उकळत्या पातेल्यावर तोंड धरल्यासारखी. मी आंधळी उभी, एका हातात बोका, दुसऱ्या हातात जुळी, आणि आजूबाजूला नुसतं "ते बघ, ते बघ!" चष्मा पुसून घातला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. निळी, पिवळी, काळ्यावर लाल ठिपक्यांची, बशीएवढी, नखाएवढी. झाडांवर, दिव्याच्या तारेवर, पिकून काळी पडलेली केळी ठेवलेल्या ताटलीवर. मी काही फुलपाखरांवर जीव टाकणारी बाई नाही. पण क्षणभर माझंही तोंड उघडं राहिलं.

मुलं आपापल्या वळणावर गेली. जुळ्यांनी प्रत्येक फुलपाखरू आधी कुणी पाहिलं यावर भांडायला सुरुवात केली. पेंगुळ बाकावर बसला, त्याच्या बुटावर एक तपकिरी फुलपाखरू येऊन बसलं, आणि दोघंही निवांत झाले. वकीलीणबाईंनी बूटताईला धरलं.

"ती रात्री कुठे झोपतात?"

"पानांच्या खाली."

"पडत नाहीत?"

"पाय घट्ट असतात त्यांचे."

"शू कुठे करतात?"

बूटताईने जराही न हसता सांगितलं, की कोशातून बाहेर आल्यावर पहिलं काम तेच करतात, आणि तुझ्या डोक्यावरही एखादवेळी करतील. वकीलीणबाई दोन पावलं मागे सरकल्या. मला बूटताई एकदम आवडली.

मग तिने आम्हाला कोशांचं कपाट दाखवलं. काचेच्या आत पट्ट्यांवर ओळीने कोश टांगलेले, हिरवे, राखाडी, काही तर सोन्याची टिकली लावल्यासारखे. त्यातल्या एकातून त्या क्षणी फुलपाखरू बाहेर पडत होतं. पंख चुरगळलेले, ओले, दुमडलेल्या रुमालासारखे. जुळ्यांना दिसेना, म्हणून मी एकीला उचललं. मग दुसरीनेही हात वर केले. दोघींना उचलायचं तर दोन हात लागतात. मी बोक्याचा हात सोडला.

किती वेळ सोडला? दोन मिनिटं. फार तर तीन. तीन दिवस कडेवर वागवलेलं पोर मी तीन मिनिटं सोडलं.

"मावशी!" वकीलीणबाईंची किंकाळी काचघरभर घुमली. "बोक्याने फुलपाखरू खाल्लं!"

मी जुळ्यांना खाली ठेवलं की टाकलं ते आठवत नाही. बोका ताटलीजवळ उभा होता. हात अंगाला चिकटवलेले, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, डोळे मोठे. आणि त्याच्या पायाशी, ओल्या फरशीवर, एक नारिंगी पंख. नुसता पंख.

"त्याच्या तोंडावर बसलं होतं," वकीलीणबाई सांगत होत्या. "नारिंगी होतं. इथे, ओठावर. मग नव्हतं."

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. रोज पन्नास तोंडं उघडणारी बाई ती. खाली बसल्या, आवाज मऊ केला, "आ कर बघू, बाळा. मोठा आ." बोक्याने मान हलवली. त्यांनी हनुवटीला हात लावला, तसा तो एक पाऊल मागे सरला. तोंड मात्र उघडलं नाही.

बूटताईने पंख उचलून तळहातावर घेतला. तिचा चेहरा गंभीर झाला. "नारिंगीवाल्यांच्या अंगात कडू रस असतो. पक्षीसुद्धा थुंकून टाकतात. एवढ्याने काही होईल असं नाही, पण तोंडात असेल तर काढलेलं बरं."

आता खरं सांगते, कारण ते न सांगता पुढचं सांगण्यात अर्थ नाही. माझी खात्री पटली होती. तीन दिवस मी त्याची बाजू घेत होते, लोकांना सांगत होते, पोर वाईट नाही, वय आहे. आणि एक पंख दिसल्याबरोबर मी मनातल्या मनात त्याच्या आईपुढे उभी होते. जिन्यात. तिला सांगत होते, की आता माझ्या हातात काही राहिलं नाही. वाक्यसुद्धा तयार होतं माझं. मी घाबरले ती त्याच्या काळजीने थोडी आणि त्या वाक्याच्या भीतीने जास्त.

"बोक्या," मी त्याचा दंड धरला, जरा जोरातच धरला, "काय खाल्लंस? उघड तोंड. उघड म्हणते ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलं आणि गालांवरून खाली आलं. नाकाने फुसफुस श्वास चाललेला, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळ गळत होती. आणि तोंड बंद. मग त्याने हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"पळायचंय त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. पण त्याने माझं बोट पकडलं आणि ओढायला लागला. चौदा किलो सगळे लावून. पळणारं पोर आपल्याला पकडणाऱ्याचं बोट धरून पळत नाही, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मला एवढंच वाटलं की बाहेर उजेड आहे, पाण्याचा नळ आहे, तिथे दोघी मिळून तोंड उघडू. "चला, सगळे बाहेर," मी ओरडले. पेंगुळला खांद्यावर टाकलं. जुळ्या रडायला लागल्या, पहिल्यांदाच एका कारणासाठी.

छोट्या खोलीत आलो. मागचं दार लागेपर्यंत पुढचं उघडत नाही. वर पंखा घरघरत होता. बूटताई म्हणाली, "थांबा, कपडे बघू द्या, कुणाच्या अंगावर बसून बाहेर जायला नको," आणि एकेकाला गोल फिरवून बघायला लागली. नियम तो नियम. जीव जात असला तरी फुलपाखरू बाहेर जाता कामा नये. मी दात खाऊन उभी राहिले. बोकाही गोल फिरला. शहाण्यासारखा. तोंड बंद ठेवून.

मग बाहेरचं दार उघडलं. गार वारा आला. बोक्याने उंबरठा ओलांडला, पायरी उतरला, आणि मागे वळून दार पूर्ण लागलंय का ते बघितलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मान वर केली, आणि आपणहून आऽऽ केला. एवढा मोठा, की पडजीभ दिसली.

"फू!" तो म्हणाला आणि भोकाड पसरलं.

तोंडात काहीच नव्हतं. ना पंख, ना पाय, ना कण.

बाहेर येईपर्यंत. मीच सांगितलं होतं. काही झालं तरी नाही, असं मीच म्हणाले होते. आणि त्या पोराने ते पाळलं. ओठावर फुलपाखरू येऊन बसलं तरी, वकीलीणबाई किंचाळल्या तरी, डॉक्टरीणबाईंनी हनुवटी धरली तरी, आणि खुद्द मी दंड आवळून 'उघड' म्हणाले तरीसुद्धा. मी त्याला पायरीवर बसून छातीशी धरलं आणि मीही रडले. लाजेने रडले आणि सुटकेनेही. माझा जीव भांड्यात पडला, पण पडताना आवाज फार मोठा झाला. बागेतले दोघेतिघे थांबून बघायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मावशी, त्याला असंच धरा. रडू दे, रडताना बरं दिसतं."

त्यांनी मोबाइलचा दिवा लावला आणि त्या उघड्या तोंडात डोकावल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, करंगळी पाण्याने धुऊन आत घातली. मी श्वास रोखला. चावा झाला असता तर तो पाळणाघरातला शेवटचा ठरला असता. बोक्याने त्यांची करंगळी हिरड्यांमध्ये पकडली आणि नुसता दाब दिला. रडणं थांबलं. डोळे अर्धे मिटले.

"अगं बाई," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच. "मागच्या दाढा. चारही एकदम वर येतायत. खालची ही बघा, हिरडी जांभळी पडलीय, टम्म फुगलीय. किती दुखत असेल याला."

मी पाहिलं. दिव्याच्या उजेडात अगदी आत, गालाजवळ, दोन जांभळे फुगवटे. वांग्याच्या रंगाचे.

"दाबलं की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "म्हणून चावतो. मिळेल ते." मग त्यांनी मोबाइलचा दिवा बंद केला. "मी फोटो काढले, मावशी. मोजपट्टी लावली. कुठल्या दाताची खूण कुठली तेसुद्धा सांगितलं तुम्हाला. आणि तोंड उघडून बघितलं नाही."

काखेत कळसा म्हणतात तो हा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार? दीड महिना दिवसातून चार लाळेरी मीच बदलत होते, ओला झालास पुन्हा म्हणून करवादत होते. बिस्किट चावून थुंकतो म्हणून नखरेल म्हणत होते. बावीस वर्षांत साठ-सत्तर मुलांचे दात माझ्या डोळ्यांदेखत आले, आणि या एकाच्या तोंडात काय चाललंय ते मला दिसलं नाही. कारण सगळ्यांबरोबर मीही चावाच बघत बसले होते.

बूटताई पंख घेऊन बाहेर आली. "हा वाळलेला आहे," ती म्हणाली, "ताजा असा कडक नसतो. कालचा असणार, माझ्याकडूनच झाडायचा राहिला. आणि तोंडावर बसलं ते लाळेसाठी. खारट ओलावा लागतो त्यांना. घामावर बसतात, डोळ्यांतल्या पाण्यावर बसतात. पोट भरलं की उडतात."

सगळ्यांच्या नजरा वकीलीणबाईंकडे वळल्या.

"तू बघितलंस ना त्याला खाताना?" आईने विचारलं.

वकीलीणबाईंनी फ्रॉकची कड पिळली. "मी तेव्हा डोळे मिटले होते," त्या म्हणाल्या. "तो खाईल म्हणून."

आम्ही पुन्हा आत गेलो. तिकीट एकदाच काढलं होतं, पण बूटताईने दार उघडून धरलं आणि म्हणाली, तुमचं बघणं झालंच कुठे. या वेळी मी बोक्याला सांगितलं, "तोंड हवं तसं ठेव." त्याने सबंध वेळ आ वासूनच ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतला स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून त्याला चावायला दिला. तो एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात त्यांचं बोट धरून फिरत होता, आणि त्या कुठल्या झाडाचं काय ते त्याला वाचून दाखवत होत्या. नारिंगी फुलपाखरं चिक्कार होती. त्यातलं त्याचं कुठलं ते कुणालाच सांगता आलं नाही, पण जुळ्यांनी दोन वेगवेगळी दाखवली.

परतताना बसमध्ये डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी बसल्या. हवेवर बोलल्या नाहीत. "जुळ्यांच्या बाबांशी मी बोलते," म्हणाल्या. "आणि याच्या आईला सांगा, उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन ये. आधी नंबर नको, काही नको. मीही तिला फोन लावून बघते." मग थोड्या वेळाने, "लगेच थांबेल असं नाही हं, मावशी. दाढा पूर्ण वर येईपर्यंत अजून पंधरा दिवस, महिना."

"महिना तर महिना," मी म्हणाले. "वागवीन कडेवर." कंबरेने लगेच निषेध नोंदवला, तो मी ऐकला नाही.

संध्याकाळी एकेक मूल गेलं. बोका गार रुमाल तोंडात घेऊन खिडकीशी बसला होता. त्याची आई आली ती नेहमीपेक्षा लवकर. मी दार उघडून तोंड उघडणार, तोच ती चप्पल काढून सरळ आत गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीशी घडी करून ठेवलेली त्याची चादर उचलली, खणातून त्याचे दोन जास्तीचे कपडे काढले, खुंटीवरून त्याचा पेला काढला. हातात एक मोठी रिकामी पिशवी होती. घरून आणलेली, किंवा गोदामातून. तिच्यात ती एकेक वस्तू व्यवस्थित भरायला लागली.

मला कळायला वेळ लागला. "अगं, हे काय करतेस?"

"तुम्हाला सांगावं लागू नये म्हणून," ती खाली बघतच म्हणाली. "आज शुक्रवार ना, मावशी. दुपारी डॉक्टरबाईंचा फोन येऊन गेलेला दिसला. मी उचलला नाही. कामावर असताना ऐकायची हिंमत झाली नाही."

दिवसभर खिशात फोन घेऊन पार्सलं उचलत होती बाई, आणि हे सगळं मनाशी धरून. मी तिच्या हातातून पिशवी घेतली. आधी तिला बसवलं, मुलांच्या बुटक्या खुर्चीवरच, कारण तीच जवळ होती. मग सगळं सांगितलं. पंख, दार, जांभळ्या हिरड्या, डॉक्टरीणबाईंची करंगळी, सगळं. माझी खात्री पटली होती तेही सांगितलं, आणि दंड जोरात धरला तेही. ते सांगताना तिच्याकडे बघवलं नाही.

तिने बोक्याला जवळ ओढलं, रुमाल बाजूला केला आणि त्याच्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे सोमवारी आणू?" तिने विचारलं.

"सोमवारी नाही तर काय! साडेआठला. उशीर करू नकोस, तू नेहमी पाच मिनिटं उशीर करतेस. आणि ही चादर तेवढी धुऊन आण, लाळेने वास मारतोय तिला."

"आणि चावला तर?"

"चावला तर चावला. दात फुटतायत पोराला, शिंगं नाहीत."

ती हसली नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच बसून राहिली, बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांड्यांचा आवाज करत राहिले, तिला वेळ मिळावा म्हणून. परत आले तेव्हा पिशवीत फक्त चादर होती. कपडे खणात घातलेले होते, आणि पेला ती त्याच्या खुंटीला अडकवत होती.